हर्ण्याच्या पाण्यात गेलेली लाल शाई

रत्नागिरीहून आगबोटीने हर्ण्याला आणि तिथून पायी आंजर्ल्याला जाणारे लोक बहुधा कड्यावरच्या गणपतीला जातात, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मी एक लाकडी पेटी पोचवायला गेलो. पेटीत जुन्या जर्मन भाषांचे शब्द होते. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे, कारण पुढे मी त्या पेटीचे जे केले ते करताना मलाही हसू आले नव्हते.

पेटी अण्णा बिवलकरांची. अण्णा चौदा सालच्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत शिकून आले, मुंबईत पोटापुरते शिकवत राहिले आणि उरलेले सगळे आयुष्य त्यांनी या पेटीत घातले. नोकरी संपल्यावर ते रत्नागिरीला आमच्या आळीत येऊन राहिले आणि मी त्यांचा लेखनिक झालो. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना हिवतापाने इतके धरले की त्यांच्या धाकट्या बहिणीने, गोदाताईंनी, त्यांना आंजर्ल्याला आपल्या घरी नेले. पेटी आमच्याकडे राहिली. मार्गशीर्षात अण्णांचे कार्ड आले. ताप गेला आहे, डोळ्यांना अजून दिसते आहे, ते दिसते तोवर पुस्तक पुरे करतो, पेटी घेऊन ये. ज्या चिठ्ठ्यांवर ते शब्द लिहिले होते त्यांची दुसरी प्रत नव्हती. हे त्यांनी कार्डात लिहिले नव्हते, लिहायची गरज नव्हती.

आगबोटीवर

प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, असा अण्णांचा हिशेब. वरच्या भागात पक्क्या काळ्या शाईने तो शब्द निरनिराळ्या जुन्या भाषांत जसा लिहिलेला सापडतो तसा. ‘दिवस’ या अर्थाचा घ्या. गॉथिक लोक ‘दग्स’ म्हणत, उत्तरेकडचे नॉर्स लोक ‘दग्र’, जुने इंग्रज ‘दॅय’, दक्षिणेकडचे जर्मन ‘तग’. खाली एक रेघ, आणि रेघेखाली लाल शाईने या सर्वांचा बाप: ‘दगझ’. त्याच्याखाली त्याची प्रथमा विभक्तीपासूनची सगळी रूपे, तीही लाल. हा लाल शब्द कुठल्याही पोथीत नाही. तो बोलणाऱ्यांना लिहिता येत नव्हते. मुलांवरून बाप कसा असेल ते पंडितांनी अनुमानाने ठरवले. युरोपात अशा शब्दाच्या डोक्यावर तारा काढतात. अण्णा तारा काढण्याऐवजी लाल शाई वापरत.

मला पेटीतले लाल तेवढे प्रिय होते. त्याचे कारण सांगतो. मी लहानपणी गोष्टी ऐकल्या नाहीत, पत्रके ऐकली. वडील जेवताना चोपडी वाचून दाखवत. परदेशी कापडावर, विधवांच्या केशवपनावर, अस्पृश्यतेवर, दारूवर. त्यामुळे जगात जे काही आहे ते मूळचे चांगले आणि मागून बिघडलेले, अशी माझी पक्की समजूत झाली होती. काळे शब्द मला बिघडलेले वाटत. लाल ते मूळ, लाल ते अस्सल. अण्णांचे पुस्तक निघाले की त्यातल्या लाल शब्दांवर एक सणसणीत चोपडे लिहायचे, आपण आणि जर्मन लोक एका प्राचीन घराण्याचे, हे लोकांच्या गळी उतरवायचे, असे मी ठरवून ठेवले होते.

बोटीवर शेजारी दाभोळचे एक सुपारीचे व्यापारी बसले होते. मी पेटी मांडीवरून खाली ठेवीना, तेव्हा त्यांनी विचारले, "दागिने आहेत काय?"

मी त्यांना वर सांगितले तेच सांगितले, जरा जास्त आवेशाने.

"म्हणजे हा लाल शब्द कोणी ऐकलेला नाही."

"नाही."

"पाहिलेला नाही."

"नाही. पण समजा, गावात तीन भाऊ आहेत. बाप वारला. तिघांचंही नाक सारखं असेल तर बापाचं नाक तसंच होतं असं म्हणाल की नाही?"

त्यांनी पानाला चुना लावत थोडा विचार केला. "आणि पोरं आईवर गेली असली तर?"

मी समुद्राकडे पाहिले. ते दाभोळला उतरून गेले, तरी प्रश्न बोटीवरच राहिला.

हर्णे

दुपार उतरायला लागली तेव्हा सुवर्णदुर्गाचा तट दिसू लागला. पाण्यात बसलेला हा किल्ला बोटीवरून पाहावा. त्याच्या पायाशी फेस येतो आणि जातो, त्याला काही फरक पडत नाही. हर्ण्याचा वास किल्ल्याच्याही आधी पोचतो. सगळ्या किनाऱ्यावर मासळी वाळत असते, आणि आमच्या रत्नागिरीकरांनाही पहिल्यांदा नाकाला पदर लावावासा वाटतो. पुढे घटकाभरात नाकच त्याची दखल घेईनासे होते.

रत्नागिरीच्या बंदरात धक्क्यावरून पडावात, म्हणजे उतारूंच्या होडीत, पाय टाकला की झाले. हर्ण्याला धक्का नाही. आगबोट खोल पाण्यात उभी राहते, पडाव येऊन उतारूंना घेऊन जातो, आणि कमरेएवढ्या पाण्यात त्याचा तळ वाळूला टेकतो. तिथून पुढे खारवी आणि कोळी गडी उतारूंना खांद्यावर बसवून कोरड्यात नेऊन ठेवतात. बायका, म्हातारे, मामलेदार, भटजी, सगळे असेच उतरतात. वर्षानुवर्षांचा रिवाज आहे, कुणाला त्यात काही वाटत नाही.

मला वाटले. वाटणारच होते. मेणा, डोली, माणसांनी उचलायच्या खुर्च्या यांवर मी स्वतः एक चोपडे लिहिले आहे आणि रत्नागिरीच्या बाजारात उभे राहून वाटले आहे. माणसाच्या खांद्यावर माणूस बसतो तोवर स्वराज्याची भाषा तोंडी घेऊ नये, असे त्यातले शेवटचे वाक्य होते.

पडाव चालवणारा तांडेल म्हादू हा पन्नाशीचा, रुंद पाठीचा माणूस. त्याने पाण्यात उतरून माझ्याकडे पाठ केली. "या, बसा."

"मी बसणार नाही. माणूस ही बसायची वस्तू नाही."

"मग पोहत येताव?"

"चालत येईन." आणि का चालत येणार ते मी सांगू लागलो. सगळा पडाव ऐकत होता, असे मला तेव्हा वाटले.

कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली, "आटपा वो दादा. तुमचं बोलनं सरंपर्यंत भरती येईल."

"बरं, चाला तुमी," म्हादू म्हणाला. "पेटी तरी हिकडं द्या."

इथे मी शहाणपणा केला असता तर हे प्रवासवर्णन दोन पानांत आटपले असते. पण खांद्यावर स्वतः बसायचे नाही आणि आपले ओझे मात्र त्याच खांद्यावर द्यायचे, यात मला ढोंग दिसले. "माझं ओझं मी नेईन," मी म्हणालो, पेटी डोक्यावर घेतली आणि पाण्यात उडी टाकली.

पडाव रोज जिथे टेकतो तिथे त्याच्या तळाने वाळूत खळगा पडलेला असतो. मी नेमका त्यात गेलो. पाणी कमरेऐवजी गळ्याशी आले, मागून लाट आली, आणि पेटी डोक्यावरून निसटून उलटी पडली. झाकणाची कडी निघाली. मी वर आलो तेव्हा माझ्याभोवती पाण्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या तरंगत होत्या. कुठला शब्द कुठे चालला होता ते दिसत होते, हाती मात्र एकही लागत नव्हता.

पुढचे सगळे फार वेगाने झाले. म्हादूने कुणाला काही न विचारता पडावातली पाग उचलली. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. ती त्याने हवेत उघडून टाकली आणि चिठ्ठ्यांचा एक थवाच्या थवा ओढून घेतला. किनाऱ्यावर होड्यांची वाट पाहत बसलेल्या बायका टोपल्या घेऊन धावल्या. म्हाताऱ्यांनी लुंग्या खोचल्या. कडेवर पोर असलेली ती बाईही पोरासकट पाण्यात आली. गठ्ठे सुतळीने बांधलेले होते म्हणून बरेच हाती लागले, सुट्या झालेल्यांपैकी काही किल्ल्याच्या बाजूला गेल्या त्या गेल्याच. कुणी हसले नाही. मासळी असती तर जितक्या तळमळीने गोळा केली असती तितक्याच तळमळीने त्यांनी ते कागद गोळा केले, आणि त्या कागदांवर काय आहे हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

म्हादूचे घर किनाऱ्याला लागूनच. त्याची बायको चांगुणाबाई हिने सगळा कारभार हाती घेतला. समोर बांबू रोवून त्यांवर काथ्याच्या दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. ते अर्धवट ओले बोंबील तिने भराभर उतरवले आणि जागा मोकळी केली. काथ्याचा पीळ दोन बोटांनी उघडायचा, त्यात चिठ्ठीचा कोपरा सरकवायचा आणि पीळ सोडायचा. वारा कितीही सुटला तरी चिठ्ठी हलत नाही. मी ते शिकलो आणि एका दोरीच्या टोकाशी उभा राहून, चिठ्ठीवर काय उरले आहे ते न बघताच, कामाला लागलो. थोडा जीव ठिकाणावर येतो आहे असे वाटले.

मग घराच्या मागे गेलो. तिथे विहिरीपाशी शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. एका घमेल्यात गोडे पाणी. चिठ्ठी त्यात बुडवायची, खळखळून घ्यायची, दुसरीकडे द्यायची. घमेल्यातले पाणी गुलाबी झाले होते.

"थांबा," मी म्हणालो.

चांगुणाबाई आली. "काय झालं?"

"पाण्यात का घालता?"

"खारं काढतो. खारं ऱ्हायलं की पावसाळ्यात कागूद घामेजतो. कापडाचं, जाळ्याचं तसंच करतो आमी."

"लाल गेलं सगळं."

तिने एक चिठ्ठी उजेडात धरली. वरची काळी अक्षरे कोरल्यासारखी होती. रेघेखाली नुसता गुलाबी डाग. "काळं हाय की."

"लालच महत्त्वाचं होतं."

"मग लालच काळ्यानं का नाय लिवलं?"

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. समुद्राने आधीच काही नेले होते, उरलेले मायेने धुतले गेले. तिच्या लक्षात आले की काहीतरी मोठे नुकसान झाले आहे. ती माझ्यासमोर बसली आणि हात पदराला पुसत राहिली. "आमाला कुनी सांगितलं नाय, लाल जातं म्हनून," ती हळू म्हणाली. मला तिचा राग करायचा होता, पण तिचे बोंबील एका बाजूला टोपलीत पडले होते आणि तिच्या दोऱ्यांवर माझ्या चिठ्ठ्या होत्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव झाला. हर्ण्याचा तो लिलाव पाहण्यासारखा असतो म्हणतात. होड्या लागतात, वाळूवर पापलेट आणि कोळंबीचे ढीग पडतात, एकजण मधे उभा राहून ओरडतो आणि नजरेच्या खुणेने माल जातो. मी तो पाहिला, म्हणजे डोळ्यांसमोरून गेला. माझ्या मनात एकच होते. उद्या अण्णांपुढे पेटी उघडायची.

जेवायला बसताना चांगुणाबाईने विचारले, "आमच्या हातचं चालतं?"

"चालतं," मी म्हणालो. "का नाही चालणार?"

"आनि आमचा खांदा चालत नाय."

म्हादू भाकरी मोडता मोडता हसला. मीही हसलो, त्या दिवशी पहिल्यांदा. मासे मी खात नाही. ते तत्त्व नव्हे, सवय. तिने माझ्यासाठी कुळथाची पिठी केली होती आणि गरम तांदळाची भाकरी. आमच्या घरी पिठीला कोकम जरा बेताने घालतात, तिने सढळ हाताने घातले होते. तशी पिठी मी पुन्हा खाल्लेली नाही.

"आमी तुमाला उचलतो म्हंजे खाली होतो, असं तुमाला वाटतं," म्हादू म्हणाला. "मी ज्याला नेतो तो माझ्या हवाली असतो. मामलेदार असला तरी माझं डोकं गच्च धरून बसतो, लेकरावानी. मंग खाली कोन?"

माझ्या चोपड्यात याला उत्तर होते. तीन पाने होते. पण त्याचे मीठ पोटात होते आणि अंगावर त्याचेच कोरडे धोतर होते, तेव्हा मी वाद घातला नाही. एवढेच म्हणालो, "तरीसुद्धा बसवत नाही हो, म्हादूकाका."

"नका बसू," तो म्हणाला. "पन पेटी द्यायची व्हती."

आंजर्ले

सकाळी चिठ्ठ्या खडखडीत वाळल्या होत्या. पेटी फुगून झाकण बसेना, म्हणून म्हादूने ती काथ्याने आवळून दिली. हर्ण्याहून पाजपंढरीवरून अडखळ गावाला यायचे आणि तिथे खाडी होडीने ओलांडायची, की पलीकडे आंजर्ले. रस्ता सुंदर आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला जांभ्याचा लाल कातळ, त्यावर वाळके गवत. कातळाचा तो रंग पाहून मला प्रत्येक वळणावर शाई आठवत होती. अण्णांना काय सांगायचे याची मी वाटेत अनेक भाषणे जुळवली. मी तत्त्वासाठी पडलो, असे एका भाषणात होते. होडीत बसेपर्यंत ते मलाच ऐकवेना.

आंजर्ल्याची पाखाडी, म्हणजे गावातली दगडी वाट, नारळी-पोफळीच्या सावलीतून जाते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून पाटाचे पाणी. गोदाताईंच्या दारात पोचलो तर त्यांनी उंबऱ्यावरच हात पुढे केला.

"दत्तू, तिथंच थांब. हा वास कसला?"

"बोंबलांचा."

"कुठून येतोय?"

"पेटीतून, ताई. आणि माझ्यातून."

"मेल्या, भाषा आणायला सांगितली होती ना तुला? आधी विहिरीवर जा. पेटी ओटीवर ठेव, आत आणू नकोस." मी आंघोळ करून आलो तोवर त्यांनी धुपाटणे पेटवून पेटीखाली ठेवले होते आणि चिठ्ठ्यांना उदाची धुरी चालली होती. आजही त्या चिठ्ठ्यांना दोन्ही वास येतात. कुणी कुणाला हरवलेले नाही.

अण्णा पडवीत घोंगडी पांघरून बसले होते. फार वाळले होते. चष्म्याच्या जाड भिंगांमागे डोळे मोठे आणि दूरचे दिसत होते. मी एकही भाषण केले नाही. खांदा, खळगा, पाग, घमेले, सगळे एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणालो, "लाल सगळं गेलं, अण्णा."

त्यांनी हात पुढे केला. मी वरच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी दिली. त्यांनी ती डोळ्यांपाशी नेली, मग नाकापाशी, आणि मला परत दिली.

"वाच."

"‘पाहुणा’ची आहे."

"काळं वाच."

"गॉथिक, गस्त्स. नॉर्स, गेस्त्र. जुनी इंग्रजी, यिएस्त. दक्षिण जर्मन, गस्त."

"खाली काय आहे?"

"डाग आहे. पुसलं."

"काय आहे ते दिसलं मला. काय होतं ते विचारतोय."

मला चटकन आठवेना. शेकडो चिठ्ठ्या मी उतरून काढल्या होत्या, पण उतरून काढणे म्हणजे लक्षात राहणे नव्हे. मी म्हणालो, "आठवत नाही."

"आठवायला कोणी सांगितलं? काढ. गॉथिकांत मधे ‘अ’ आहे, नॉर्समध्ये ‘ए’ झाला. का झाला?"

"पुढच्या अक्षरात कधीतरी ‘इ’ असणार. त्या ‘इ’ने मागच्या ‘अ’ला आपल्याकडे ओढला."

"तो ‘इ’ आता दिसतो का?"

"नाही. ओढल्याची खूण तेवढी दिसते."

"हं. माणूस गेला, वाळू दबलेली राहिली. आणि शेवटी? गॉथिकांत ‘स’, नॉर्समध्ये ‘र’, बाकीच्यांत काही नाही."

"म्हणजे मूळचा ‘झ’." मी चिठ्ठीकडे पाहत होतो. रिकाम्या जागेत तो शब्द आपोआप उभा राहत होता. "गस्तिझ."

"गस्तिझ," अण्णा म्हणाले आणि मागे टेकले. "आता सांग, काय बुडालं?"

मी चिठ्ठी पुन्हा गठ्ठ्यावर ठेवली.

"अरे, किल्ल्याकडे गेलेल्या थोड्या चिठ्ठ्यांसारखं सगळंच काळं जर गेलं असतं तर मी आज या खुर्चीतून उठलो नसतो. पाच देशांच्या पोथ्यांतून एकेक वेचलं होतं मी ते. काळं म्हणजे कुणीतरी खरंच बोललेलं. लाल म्हणजे मी म्हणतो ते. काळं असलं की लाल पुन्हा करता येतं. तूच केलंस आत्ता."

मी पडवीच्या पायरीवर बसलो. आदल्या दिवसापासून छातीवर बसलेली पेटी कुणीतरी उचलून खाली ठेवावी तसे झाले. गोदाताई आतून म्हणाल्या, "झालं ना? मग आता दोघं जेवायला उठा." मला खरोखरच भूक लागली होती.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. सकाळी मी चिठ्ठ्या वाचायचो, अण्णा विचारायचे, दुपारी आंबेमोहोराचा भात आणि सोलकढी. उकडीच्या मोदकांत गोदाताई जायफळ घालतात, आमच्याकडे वेलची. एकदा कड्यावर जाऊन गणपतीला नमस्कार केला. तिथून खाडीचे मुख आणि हर्ण्याची बाजू दिसते. त्या पाण्याकडे मी आता शत्रूसारखे पाहत नव्हतो.

एका संध्याकाळी मी अण्णांना दाभोळच्या व्यापाऱ्याचा प्रश्न सांगितला. पोरे आईवर गेली असली तर? ते इतके हसले की खोकला लागला.

"विचारायलाच हवा तो प्रश्न. दत्तू, त्या लाल शब्दांतले कितीतरी माझ्या गळ्यात अडकले होते. तरुणपणी मोठ्या रुबाबात लिहिले. पुढे शंका यायला लागली. पण लाल अक्षरं अशी देखणी होती की खोडायला हात होईना. तुझ्या त्या हर्ण्याच्या बायांनी मला त्यातून सोडवलं."

"पण लाल शब्द खोटे नाहीत ना, अण्णा?"

"खोटे कसे? डेन्मार्कात एक सोन्याचं शिंग सापडलं. त्याच्यावर जुन्या लिपीत एका माणसाचं नाव आहे, आणि त्या नावाच्या शेवटी हाच आपला ‘गस्तिझ’, ‘झ’च्या शेपटीसकट. पंडितांनी जे ताडलं ते सोन्यावर कोरलेलं निघालं. फिनलंडच्या लोकांची भाषा यांच्या नात्याचीही नाही. त्यांनी शेजाऱ्यांकडून ‘राजा’चा शब्द उचलला, ‘कुनिंगास’, आणि ती शेपटी, ‘झ’ऐवजी ‘स’ म्हणत, आजवर जपली. घरच्या पोरांनी केव्हाच टाकली होती."

"आणि ते शिंग?"

"एका चोरानं वितळवलं. अक्षरांची नक्कल उरली म्हणून कळतं आपल्याला." मग ते गंभीर झाले. "हल्ली जर्मनीहून जी चोपडी येतात ती वाचतोस का? त्यांना लाल शब्दांत रक्त दिसतं. आपल्याकडेही दिसायला लागलंय. तुलाही दिसत होतं, मला माहीत आहे. शब्दाला कुळी असते, दत्तू. रक्त नसतं. ‘पाहुणा’ या शब्दाचा पाहुणा कोण होता, काळा की गोरा, ते लाल शाईला ठाऊक नाही."

मी योजलेले चोपडे त्या संध्याकाळी गेले. त्याच्याबद्दल मला दुःख झाले नाही, उलट हलके वाटले. एक गोष्ट खरी म्हणून ओरडण्यापेक्षा ती अनुमान म्हणून सांगणे कितीतरी सोपे असते, आवाज चढवावा लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी दोन जाडजूड गठ्ठे मला दिले. "हे रत्नागिरीला घेऊन जा. लाल पुन्हा तू काढ. शंका असेल तिथं जागा मोकळी सोड."

मी गठ्ठ्यांकडे पाहिले. "पुन्हा माझ्याच हाती?"

"मग कुणाच्या? आणि लाल शाई नको. शिसपेन वापर. ती पाण्यात टिकते आणि माणसाला खोडता येते. दोन्ही पाहिजे."

परत

हर्ण्याला आगबोट दूर उभी होती. पडाव कमरेएवढ्या पाण्यात वाट पाहत होता. चांगुणाबाई दोऱ्यांपाशी होती. दोऱ्यांवर पुन्हा बोंबील लागले होते.

"काय म्हनले तुमचे गुरुजी?" तिने लांबूनच विचारले. हातातला बोंबील तसाच राहिला होता.

"लाल गेलं ते बरं झालं म्हणाले. खारं काढलंत म्हणून कागद टिकले."

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले, मी तिची समजूत घालतो आहे की काय म्हणून. मी म्हणालो, "देवाशपथ. तुम्हांला नमस्कार सांगितलाय." तेव्हा तिने बोंबील दोरीवर टाकला. "मंग ठीक. मला मेलीला झोप नव्हती."

म्हादू पाण्यात उभा होता. त्याने पाठ वळवली नाही. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या गठ्ठ्यांकडे पाहिले.

"बसताव, का पुन्ना भिजवायचंय?"

"बसत नाही," मी म्हणालो आणि दोन्ही गठ्ठे त्याच्याकडे दिले. त्याने ते डोक्यावर ठेवले, एका हाताने धरले. मी पाण्यात उतरलो आणि त्याच्या मागे चालू लागलो. खळगा जवळ आला असेल, त्याची चाल हळू झाली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्ये चालतं वाटतं तुमच्या चोपडीत," तो मागे न बघता म्हणाला.

"हे चालतं, म्हादूकाका."

"मंग गच्च धरा. हितं खोल हाय."

मी गच्च धरले. पाणी छातीपर्यंत आले, एक लाट अंगावरून गेली, मग पाय पुन्हा वाळूला लागले. पडावात चढल्यावर त्याने गठ्ठे माझ्या मांडीवर ठेवले. मी वरच्या चिठ्ठीवरून हात फिरवला. बोंबलाचा आणि उदाचा वास आला. चिठ्ठी कोरडी होती.